उभी रेघ

लांचौमध्ये एप्रिलातही आभाळ पिवळं असतं.
वाळवंट रात्रीतून येतं, खिडकीच्या फटीत बसतं.
मी कीबोर्ड उलटा करून झटकते
आणि एकशे शहात्तर माणसं पुन्हा उघडते.

माणसं म्हणजे ओळी.
आधी वय, मग पांढऱ्या पेशी, मग सात जनुकं,
नावं ट्रकच्या नंबरप्लेटसारखी.
डॉक्टर न्ये म्हणतात, ही सात पहाऱ्यावरची.
या आजारात पहारेकरीच फितूर होतात,
कुंपणच शेत खातं;
त्या कुंपणातले कुठले खुंट अजून धरून आहेत
एवढंच आपण विचारतोय.

विचारायची रीत अशी:
प्रत्येक जनुकाचा आवाज मोजायचा,
त्याच्या वजनाने गुणायचा, बेरीज करायची,
बेरजा चढत्या क्रमाने लावायच्या
आणि बरोबर मधोमध सुरी.
अलीकडच्यांना निळा रंग.
पलीकडच्यांना लाल.

सुरी पडली अठ्ठ्याऐंशी आणि एकोणनव्वदच्या मधे.
अठ्ठ्याऐंशी: शाळेचा चौकीदार, १.०४७.
एकोणनव्वद: थुओ शिउमेई, मिनछिनची,
खरबुजं पिकवते, १.०५१.
बाबांना विचारलं, चाळीस वर्षं नूडल्स ओढतात ते,
एवढासा फरक हाताला कळतो का?
म्हणाले, कणीक कुठल्या दिवशी मळली त्यावर आहे.

आलेख जिन्यासारखा उतरतो.
कोणी मरत नाही तोवर रेघ आडवी चालते,
कोणी गेलं की पायरी.
वॉर्डात नेमकं उलटं,
तिथे आडव्याची भीती.
आणि रेघेवर मधेमधे बारीक उभ्या खुणा,
डोळ्यात गेलेल्या कणाएवढ्या:
ज्यांचं पुढे काही कळलं नाही, ते.
शेवटचं पाहिलं तेव्हा होते.
गणिताला तेवढं पुरतं.

दर गुरुवारी मी फोन लावते.
पलीकडचा माणूस 'आहे' म्हणतो की 'होता',
त्या एका शब्दावर माझा रकाना भरतो.
एक म्हातारा नुसताच श्वास घेत राहिला.
मी पेन्सिल उचलली नाही, तोही ठेवेना.

शिउमेईच्या फाइलवर शेवटची नोंद:
दुसऱ्या केमोनंतर स्वतःच्या जबाबदारीवर घरी.
नर्स सांगते, जाताना ती "येते" म्हणाली होती.
नंबर बंद.
तीन गुरुवार बंद.
चौथ्या गुरुवारी भरतीच्या कागदाच्या कडेला
दिराचा नंबर सापडला, चहाचा डाग पडलेला.

वारा. कोंबडी. मग एक बाई:
"पटकन बोला, हात मातीत आहेत."
मी म्हटलं, हॉस्पिटलमधून.
म्हटलं, थुओ शिउमेई यांची चौकशी करायची होती.
"करा की," ती म्हणाली, "मीच आहे."

मला पुढचा प्रश्न सुचेना.
यादीत पुढचा प्रश्न होताच, छापलेला,
पण तो दुसऱ्या कोणासाठी होता.

तीच म्हणाली, औषध जिल्ह्याच्या दवाखान्यात घेते,
महिन्यातून एकदा, बस मिळाली तर.
म्हणाली, बी टाकलंय, वरून वाळू बसली नाही तर उगवेल.
मग हळूच:
"तुमच्या त्या हिशोबात माझं काय आलं होतं?"
मी लाल म्हटलं नाही.
मी म्हटलं, तुम्ही अगदी मधल्या होतात.
खोटं नव्हतं ते. खरं म्हणजे नक्की माहीत नाही.

खूण पुसता येत नाही, सरकवता येते.
चौदा महिने उजवीकडे नेली.
दोन्ही रेघा एकमेकींकडे किंचित वळल्या
आणि आमचा निष्कर्ष थोडा अशक्त झाला.
डॉक्टर न्येंनी चष्मा पुसला, बराच वेळ.
"एक माणूस," ते म्हणाले.
तक्रार होती की मोजणी, मला कळलं नाही.

चौकीदाराचं अजून काही कळलेलं नाही.
निळा आहे तो, जगणाऱ्यांतला.
कीबोर्डवर पुन्हा धूळ.
नंबर लावलाय.
वाजतोय.